सिम्पाय सुरू व्हायला लागणारा वेळ कसा कमी करावा?

शून्यशेष (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी मी उत्तरे तपासणारी एक छोटी व्यवस्था चालवतो. विद्यार्थी अवकलनाचे किंवा समाकलनाचे उत्तर टंकतो. ते उत्तर आणि अपेक्षित उत्तर यांची वजाबाकी शून्य येते का, हे आमचा प्रोग्रॅम सिम्पाय या पायथनमधल्या गणित-लायब्ररीकडून तपासून घेतो. टंकलेला मजकूर सिम्पायच्या हाती दिला की आतून पायथनचे 'इव्हॅल' चालते, त्यामुळे कोणी खोडसाळपणे भलतीच आज्ञा लिहिली तर तीही चालून जाऊ शकते. म्हणून प्रत्येक उत्तरासाठी कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून अलग ठेवलेल्या बंदिस्त जागेत, नवी प्रोसेस सुरू करायची आणि निकाल हाती आला की ती संपवायची, अशी रचना ठेवली आहे.

अडचण वेळेची आहे. वजाबाकी करून तिला सोपे रूप देणे हे काम काही मिलिसेकंदांत उरकते, पण त्याआधी लायब्ररी मेमरीत चढायला दोन सेकंदांहून अधिक लागतात. ६० विद्यार्थी आणि प्रत्येकी २० प्रश्न धरले तर १,२०० उत्तरे होतात, म्हणजे नुसत्या चढण्यातच ४० मिनिटे जातात आणि प्रात्यक्षिकाचा तास तर एकच असतो. रात्र थोडी सोंगे फार, अशी आमची अवस्था आहे.

सिम्पायची स्वतःची प्रत काढून तिच्या मुख्य 'इनिट' फाइलमधून भूमिती, भौतिकी, टेन्सर असे आम्हाला न लागणारे सगळे कापून टाकावे, असा माझा बेत आहे. त्याआधी एक सोपा उपाय करून पाहिला. संपूर्ण लायब्ररीऐवजी फक्त 'सिम्पाय डॉट कोअर' एवढेच इम्पोर्ट केले, पण काडीचाही फरक पडला नाही, आणि तो का पडला नाही हेही मला उमगलेले नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

त्रिज्या

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. पायथनमध्ये एखाद्या पॅकेजच्या पोटातले मॉड्यूल मागितले की आधी बाहेरच्या पॅकेजची 'इनिट' फाइल पूर्ण चालते आणि मगच आतले मॉड्यूल उघडते. सिम्पायची बाहेरची 'इनिट' फाइल बहुपदी, श्रेढी, समीकरणे, मॅट्रिक्स, भूमिती, समाकलन हे सगळे एका दमात ओढून आणते. त्यामुळे तुम्ही 'कोअर' मागा किंवा सगळे मागा, काम तेवढेच होते. भौतिकी मात्र तुमच्या यादीतून काढून टाका. ती 'इनिट' फाइल भौतिकीला हातच लावत नाही. मोजमापाच्या एककांचे मॉड्यूल चढताना एकेक एकक तयार करत बसते हे खरे, पण ते कोणी वेगळे मागितले तरच.

स्वतःची प्रत काढून कापाकापी करण्याच्या बेताला माझा विरोध आहे. गाभ्यातले वर्ग एकमेकांत गुंतलेले आहेत: बेरजेला गुणाकार लागतो, गुणाकाराला घात लागतो, घाताला संख्या लागतात आणि संख्यांना पुन्हा बेरीज लागते. हे चक्र तुटावे म्हणून कित्येक इम्पोर्ट फाइलच्या माथ्यावर न लिहिता फंक्शनच्या पोटात लिहिलेले आहेत. तुम्ही वरून एखादे मॉड्यूल कापले तर सुरुवात निर्वेध होईल, पण तीन आठवड्यांनी एखाद्या विचित्र समाकलनात कुठल्यातरी फंक्शनच्या पोटातला तो इम्पोर्ट जागा होईल आणि भर प्रात्यक्षिकात चूक दाखवील. शिवाय दर नव्या आवृत्तीबरोबर कापाकापी पुन्हा करावी लागेल ती वेगळीच.

दुसरे असे की सिम्पाय वाटते तितकी उधळी नाही, जड कामे तिने बऱ्याच ठिकाणी आधीच पुढे ढकललेली आहेत. शून्य, एक, अर्धा, पाय यांसारखे एकमेव असणारे पदार्थ 'एस' नावाच्या नोंदवहीत असतात, आणि त्यांचा वर्ग नोंदवला गेला तरी प्रत्यक्ष पदार्थ कोणी पहिल्यांदा मागेल तेव्हाच घडतो. मूळ संख्यांच्या चाळणीत सुरुवातीला २, ३, ५, ७, ११ आणि १३ एवढ्या सहाच संख्या असतात आणि गरज पडेल तशी ती वाढते. निश्चित समाकलनासाठी लागणारा माइयर-जी या सर्वसमावेशक फलनांचा मोठा तक्ता पहिले तसे समाकलन येईपर्यंत रिकामाच असतो. मला सर्वांत आवडलेली युक्ती नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीविषयी आहे. हाती आलेली वस्तू नमपायची आहे का हे पाहण्यासाठी सिम्पाय नमपाय चढवत नाही, तर वस्तूच्या वर्गाच्या वंशावळीत 'नमपाय' हे मॉड्यूलनाव दिसते का एवढेच वाचते. नमपाय चढलेलीच नसेल तर तिची वस्तू हाती येणार तरी कुठून?

दोन सेकंद हा आकडा मला म्हणूनच संशयास्पद वाटतो. बऱ्यापैकी यंत्रावर सिम्पाय एकटी एवढा वेळ खाणार नाही. तुमच्याकडे आणखी काहीतरी चढत असावे.

मंदगती

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण संशयावर काम भागत नाही, मोजावे लागते. पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, यासाठी वेगळे साधन आणायची गरज उरलेली नाही. पायथन सुरू करताना मोठ्या लिपीतल्या 'एक्स' या पर्यायापुढे 'इम्पोर्टटाइम' लिहा. मग चढणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलसाठी एक ओळ उमटते. तिच्या पहिल्या रकान्यात त्या मॉड्यूलचा स्वतःचा वेळ असतो आणि दुसऱ्यात त्याने ओढून आणलेल्या सगळ्यांसह एकूण वेळ, दोन्ही मायक्रोसेकंदांत. यादी लांबलचक येते. ती चित्ररूपात पाहायची असेल तर 'ट्यूना' हे साधन सोयीचे आहे.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकच मॉड्यूल चार जणांना लागत असेल तर त्याचा सगळा भार पहिल्याच्या नावे पडतो आणि उरलेले तिघे फुकटात सुटतात. म्हणजे यादीत जो मोठा दिसतो त्याला काढले तरी भार नाहीसा होईलच असे नाही, तो पुढच्याच्या माथी बसू शकतो. दुसरे म्हणजे यंत्र नुकतेच सुरू झाले असेल तर फाइली डिस्कवरून याव्या लागतात आणि पहिली मोजणी अवास्तव मोठी येते. पाच-सात वेळा चालवा, पहिली सोडून द्या, आणि मुख्य म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर न मोजता प्रत्यक्ष त्या कंटेनरमध्ये, प्रत्यक्ष त्याच वापरकर्त्याच्या नावे मोजा.

शून्यशेष

आपण सांगितल्याप्रमाणे कंटेनरमध्येच मोजले आणि चकित झालो. एकूण वेळेपैकी सिम्पायच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी वेळ आला. सर्वांत मोठा गठ्ठा 'मॅटप्लॉटलिब डॉट पायप्लॉट' या आलेख काढणाऱ्या मॉड्यूलचा निघाला. आमच्या तपासणीत आलेख कुठेच काढला जात नाही. शोध घेतल्यावर उलगडा झाला की मदतीच्या फंक्शनांची एक फाइल आम्ही जुन्या प्रकल्पातून उचलली होती, तिच्या माथ्यावर पायप्लॉट आणि पांडाज (तक्त्यांतली माहिती हाताळणारी लायब्ररी) दोन्ही इम्पोर्ट केलेले होते, आणि आम्ही तिच्यातली एकच फंक्शन वापरत होतो, जिला या दोहोंची गरज नव्हती. मी सिम्पायवर कात्री चालवायला निघालो होतो! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय.

मात्र एक कोडे उरले आहे. हीच यादी माझ्या लॅपटॉपवर काढली तेव्हा सिम्पायच्या बहुतेक मॉड्यूलांचा स्वतःचा वेळ नगण्य आला. कंटेनरमध्ये मात्र प्रत्येक मॉड्यूलचा वेळ कितीतरी पटींनी मोठा आहे, आणि तोही जवळजवळ फाइलीच्या आकाराच्या प्रमाणात. ज्या फाइलीत नुसत्या व्याख्या आहेत तीही वेळ खाते. प्रोसेसर तर लॅपटॉपपेक्षा सरस आहे.

पाटावरवंटा

फाइलीच्या आकाराच्या प्रमाणात वेळ लागतो, असे ऐकले की मला एकच गोष्ट आठवते: तुमचे बाइटकोड गायब आहे.

पायथन फाइल थेट चालवत नाही. आधी ती वाचून तिचे बाइटकोड, म्हणजे पायथनला चटकन चालवता येणारे रूप, बनवतो आणि ते शेजारच्या 'पायकॅश' फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तो खटाटोप करावा लागत नाही. आता तुमच्या कंटेनरच्या कृतीत 'पायथन-डोन्ट-राइट-बाइटकोड' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवलेले आहे का ते पाहा. कंटेनर हलका राहावा म्हणून कित्येक नमुना-कृतींत ते डोळे मिटून लिहिलेले असते आणि पुढे सगळे जण ते तसेच उतरवून घेतात. पिप हे साधन पॅकेज बसवतानाच बाइटकोड बनवून ठेवते, त्यामुळे एरवी त्या व्हेरिएबलचा उपद्रव फारसा जाणवत नाही. पण पॅकेज पिपने 'नो-कंपाइल' पर्याय देऊन बसवले असेल, किंवा पिपसारख्याच यूव्ही या साधनाने बसवले असेल, ज्यात बाइटकोड बनवणे मुळात बंद असते आणि मुद्दाम सुरू करावे लागते, तर बाइटकोड कधीच तयार होत नाही. मग तुमची प्रत्येक प्रोसेस सिम्पायच्या शेकडो फाइली पुन्हा पहिल्यापासून कंपाइल करते, काम संपले की ते सगळे फेकून देते, आणि पुढची प्रोसेस पुन्हा श्रीगणेशा करते. १,२०० उत्तरे म्हणजे १,२०० वेळा कंपाइल.

आणखी एक शक्यता आहे. बाइटकोड आहे पण फाइलींची नक्कल करताना त्यांची वेळ बदलली, तर बाइटकोडमध्ये नोंदलेली वेळ आणि मूळ फाइलीची वेळ जुळत नाही आणि पायथन ते बाइटकोड शिळे समजून बाजूला सारतो. मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याला नवे लिहायची मुभा नसते, म्हणून ते दुरुस्तही होत नाही. कंटेनर बांधतानाच 'कंपाइलऑल' हे मॉड्यूल एकदा चालवून टाका. वेळेच्या नोंदीवर विसंबायचे नसेल तर पायथन ३.७ पासून फाइलीच्या हॅशवर आधारलेले बाइटकोडही बनवता येते, आणि त्यात मूळ फाइलीकडे ढुंकूनही पाहू नये असे सांगण्याची सोय आहे.

जाता जाता पायप्लॉटबद्दल. तो काढून टाकलात हे ठीकच झाले, पण इतका जड का झाला तेही सांगतो. मॅटप्लॉटलिब पहिल्यांदा चालताना यंत्रावरचे सगळे फॉन्ट धुंडाळून त्यांची यादी स्वतःच्या कॅशेत ठेवते. वापरकर्त्याच्या घरात लिहायची परवानगी नसेल तर ती तात्पुरते फोल्डर बनवते, आणि ते प्रोसेसबरोबर नाहीसे होते. म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक उत्तरामागे फॉन्टांची शिरगणती होत होती. ती याबद्दल इशाराही छापते आणि 'एमपीएल-कॉन्फिग-डिर' लिहिण्याजोग्या जागी न्या असे सुचवते. तो इशारा तुमच्या लॉगमध्ये नक्की पडून असेल. लॉग कोण वाचतो म्हणा.

शून्यशेष

दोन्ही निदाने तंतोतंत बरोबर निघाली, लॉगमधल्या इशाऱ्यासह. कंटेनरची कृती आम्ही दुसऱ्या एका विभागाकडून जशीच्या तशी उचलली होती आणि त्यात ते व्हेरिएबल होते. आता कंटेनर बांधतानाच बाइटकोड बनवून ठेवले आणि मदतीची फाइल फोडून दोन केल्या. दोन सेकंदांवरून अर्ध्या सेकंदाच्या खाली आलो आहोत. सिम्पायची एक ओळही बदललेली नाही.

आता लोभ वाढला आहे. उरलेल्या वेळेतला बहुतेक भाग खरोखरच सिम्पायचा आहे. इतर गणित-प्रणाली या प्रश्नाला कशा सामोऱ्या जातात हे जाणून घ्यायला आवडेल.

अविभाज्य

माझे काम संख्याशास्त्रातले नसून संख्या-सिद्धांतातले आहे, हा गोंधळ नेहमी होतो म्हणून आधीच सांगून टाकतो. गेली बरीच वर्षे सेज ही गणित-प्रणाली वापरतो. सुरू व्हायला लागणारा वेळ हे सेजचे जुनेच दुखणे आहे. पॅरी, गॅप, मॅक्सिमा, सिंग्युलर अशा स्वतंत्रपणे वाढलेल्या प्रणाली एका पायथन-छत्राखाली आणायच्या हाच तिचा घाट आहे, त्यामुळे वापरकर्त्याने काहीही विचारण्याआधी सगळ्या पाहुण्यांना दिवाणखान्यात आणून बसवण्याचा मोह तिला पहिल्यापासून आहे.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे 'लेझी इम्पोर्ट'. नाव जागेवर असते, पण त्यामागे खरी वस्तू नसून एक बुजगावणे असते. त्याला कोणी हात लावला की ते खरे मॉड्यूल चढवते आणि आपल्या जागी खऱ्या वस्तूला बसवून बाजूला होते. ऐकायला सोपे आहे, पण त्यात खाचखळगे आहेत. ते बुजगावणे तुम्ही दुसऱ्या फाइलीत 'फ्रॉम' वापरून नेले तर त्या दुसऱ्या फाइलीतले नाव बदलायचे राहून जाऊ शकते आणि मग दर वेळी बुजगावण्यामार्फतच व्यवहार होतो. 'ही वस्तू तीच आहे का' अशी ओळख पटवणारी तुलना तर सरळ फसते, कारण बुजगावणे ते बुजगावणेच. म्हणूनच सेजमध्ये एक राखणही आहे: लेझी ठेवलेली वस्तू सुरुवातीच्या टप्प्यातच जागी झाली तर इशारा मिळतो, आणि ते जाणूनबुजून करायचे असेल तर तसे लिहून द्यावे लागते. आयपायथनसारखे एखादे जड मॉड्यूल सुरू होताना नकळत चढत नाही ना, हे पाहणाऱ्या चाचण्याही त्यांनी ठेवल्या आहेत. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही चाचणी वाटते. लेझी इम्पोर्ट एकदा लिहून भागत नाही, सहा महिन्यांनी कोणीतरी एक निरागस ओळ लिहितो आणि सगळे पाहुणे पुन्हा दिवाणखान्यात येऊन बसतात.

कोणते काम जड आणि कोणते हलके याविषयीचा आपला अंदाज किती चुकतो याचे एक उदाहरण पॅरीमध्ये आहे. बोर्दोमध्ये घडलेली ही सी भाषेतली लायब्ररी सुरू करताना दोन संख्या द्याव्या लागतात: एक मेमरीची आणि दुसरी मूळ संख्यांच्या तक्त्याच्या मर्यादेची. ५,००,००० ही मर्यादा दिली तर ४१,५३८ मूळ संख्यांचा तक्ता सुरुवातीलाच तयार होतो. हे ऐकून कोणीही म्हणेल की हाच तो अपराधी, याला लेझी करा. प्रत्यक्षात आजच्या प्रोसेसरवर एवढी चाळणी डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आत पुरी होते. याउलट दोन ओळींचा निरुपद्रवी दिसणारा इम्पोर्ट डिस्कवरच्या शेकडो फाइली हुडकत बसतो. गणिताच्या लायब्ररीत गणित क्वचितच महाग असते, महाग असते ती वाहतूक.

हव्या तितक्या अंकांपर्यंत आकडेमोड करणाऱ्या एमपीएफआर या लायब्ररीने घेतलेला मार्गही पाहण्याजोगा आहे. पाय किंवा २ चा लॉगॅरिदम यांसारखे स्थिरांक ती सुरुवातीला काढतच नाही. कोणी मागितले की मागितलेल्या अचूकतेपर्यंत काढते आणि जपून ठेवते. पुढे तेवढ्या किंवा कमी अचूकतेची मागणी आली की जपलेलेच देते, जास्तीची आली तरच पुन्हा हिशेब करते. इथे आधी करून ठेवणे शक्यच नव्हते, कारण किती अंक लागणार हे सुरुवातीला कोणाला ठाऊक असते?

पाटावरवंटा

लेझीचे एवढे कौतुक चालले आहे तर दुसरी बाजूही मांडतो, कारण रात्री-अपरात्री फोन मला येतो. आजचे मरण उद्यावर ढकलणे याहून त्यात काही नाही, निदान जी सेवा दिवसभर चालू राहायची आहे तिच्यापुरते तरी. सगळे सुरुवातीला चढले तर एखादी लायब्ररी गहाळ असल्याचे सकाळी सेवा सुरू करतानाच कळते. लेझी ठेवले तर ते दुपारी तीन वाजता कळते, त्या एका वापरकर्त्याला, ज्याने नेमके ते फंक्शन वापरले. शिवाय उशीर नाहीसा होत नाही, तो पहिल्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. दोन थ्रेड एकाच क्षणी त्या रिकाम्या तक्त्याला भिडले तर कुलूप कोणी लावायचे, हा आणखी एक प्रश्न.

सायंटिफिक पायथनच्या मंडळींनी लेझी लोडिंगचा जो शिफारसमसुदा केला, त्यात ही अडचण ओळखून 'ईगर-इम्पोर्ट' नावाचे व्हेरिएबल ठेवले आहे. ते लावले की सगळे पूर्वीसारखे सुरुवातीलाच चढते आणि चाचण्यांमध्ये चुका उघड्या पडतात. नेटवर्क-एक्स आणि सायकिट-इमेज या लायब्ररी ही पद्धत वापरतात. तुम्ही लेझी करणार असाल तर हा उलटा खटका ठेवल्याशिवाय करू नका.

त्रिज्या

पाटावरवंटा यांचा आक्षेप दिवसभर चालणाऱ्या सेवेला लागू पडतो, पण धागाकर्त्याची प्रोसेस एक उत्तर तपासून मरते. तिथे जे काम कधीच लागणार नाही ते न करणे म्हणजे ढकलणे नव्हे, टाळणे आहे.

पायथन भाषेनेही या प्रश्नावर बरीच वर्षे घोळ घातला आहे. सगळेच इम्पोर्ट लेझी करता येतील असा पर्याय सुचवणारा पेप ६९० हा प्रस्ताव डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळला गेला. एकच लायब्ररी दोन वेगवेगळ्या रीतींनी वागू लागेल आणि लेखकांना दोन्ही सांभाळाव्या लागतील, ही त्यामागची मोठी भीती होती. त्यानंतर आलेला पेप ८१० वेगळा आहे. त्यात 'लेझी' हा शब्द त्या-त्या इम्पोर्टच्या आधी उघडपणे लिहायचा असतो, म्हणजे जबाबदारी लिहिणाऱ्याची. तो २०२५ मध्ये मंजूर झाला आणि पायथन ३.१५ साठी ठरला आहे. तोवर पॅकेजच्या पातळीवर 'गेट-अ‍ॅटर' लिहून, म्हणजे पेप ५६२ ने दिलेल्या सोयीने, काम भागवावे लागते. सायपाय ही वैज्ञानिक आकडेमोडीची लायब्ररी आपली उपमॉड्यूले तशीच चढवते.

कर्णरेषा

चर्चा 'आता की नंतर' यातच अडकली आहे, म्हणून तिसरी जागा सुचवतो: आधी, म्हणजे बांधणीच्या वेळी.

ज्युलिया ही भाषा वापरणाऱ्यांना 'पहिल्या आलेखापर्यंतचा वेळ' हा शब्दप्रयोग चांगला परिचयाचा आहे. तिथे फंक्शन पहिल्यांदा हाकारले की ते त्या प्रकारच्या विदेसाठी कंपाइल होते, आणि मोठ्या लायब्ररीत त्या पहिल्या हाकेची वाट पाहताना चहा करून येता यायचा. मे २०२३ मध्ये आलेल्या १.९ आवृत्तीपासून पॅकेज बसवतानाच यंत्रभाषेतला कोड बनवून डिस्कवर जपता येतो. पॅकेजचा लेखक काही नमुना-हाका लिहून ठेवतो आणि त्या बसवताना चालवल्या जातात. किंमत उघड आहे: बसवायला वेळ अधिक आणि डिस्कवर जागा अधिक. पण ती किंमत एकदाच द्यायची असते.

ही कल्पना नवी नाही. मॅक्सिमा लिस्पमध्ये लिहिलेली आहे आणि लिस्पच्या जगात सगळे चढवून झाल्यावर मेमरीची संपूर्ण प्रतिमा फाइलीत उतरवून ठेवायची, पुढच्या वेळी तिथूनच उठायचे, ही रीत जुनी आहे. गॅपमध्येही चालू असलेले कार्यक्षेत्र जपून ठेवून पुढच्या वेळी थेट त्यातून सुरू करण्याची आज्ञा आहे. पायथनला अशी प्रतिमा सहजासहजी उतरवता येत नाही, पण धागाकर्त्याला तिच्या जवळ जाणारे काही करता येईल असे मला वाटते.

मंदगती

करता येईल, आणि त्यासाठी पायथनबाहेर जायची गरज नाही. 'मल्टिप्रोसेसिंग'मध्ये 'फोर्कसर्व्हर' ही पद्धत आहे. एक मूळ प्रोसेस उभी राहते, ती सांगितलेली मॉड्यूले एकदाच चढवून ठेवते, आणि प्रत्येक उत्तरासाठी तिच्यापासून एक लेकरू फुटते, यालाच फोर्क म्हणतात. लेकराला सिम्पाय चढलेली आयतीच मिळते, ते विद्यार्थ्याचा मजकूर तपासते आणि मरते. मूळ प्रोसेस विद्यार्थ्याच्या मजकुराला कधीच शिवत नाही, त्यामुळे एका उत्तराची घाण दुसऱ्या उत्तरापर्यंत पोहोचत नाही. कंटेनरची बंधने आहेत तशीच ठेवावीत, ही पद्धत त्यांची जागा घेत नाही.

काही गोष्टी मात्र आवर्जून पाहा. आधी चढवायच्या मॉड्यूलच्या नावात चूक झाली तर फोर्कसर्व्हर तक्रार करत नाही, इम्पोर्टची चूक गिळून पुढे जातो, आणि तुम्ही वेग का वाढला नाही म्हणून डोके खाजवत बसता. दुसरे, त्रिज्या यांनी सांगितलेला माइयर-जी तक्ता नुसत्या इम्पोर्टने तयार होत नाही, म्हणून प्रत्येक लेकरू तो स्वतःपुरता नव्याने बनवील. आधी चढवायच्या मॉड्यूलमध्येच तो तक्ता लागेल असे एक निश्चित समाकलन मुद्दाम सोडवा, म्हणजे तक्ता मूळ प्रोसेसमध्ये तयार होईल आणि सगळ्यांना वारशाने मिळेल. लेझी वस्तूंना फोर्कच्या आधी हलवून जागे करणे, हाच इथला सगळा डाव आहे. त्यानंतर 'जीसी डॉट फ्रीझ' ही आज्ञा द्या. कचरा वेचणारा फिरू लागला की तो प्रत्येक वस्तूच्या नोंदीत खाडाखोड करतो आणि मूळ प्रोसेसशी सामायिक असलेली मेमरीची पाने उगाच वेगळी होत जातात. ते त्याने बरेचसे थांबते.

तिसरे: उत्तर पडताळताना यादृच्छिक बिंदूंवर किंमत काढून पाहत असाल आणि त्यासाठी नमपायचा जुना सामायिक यादृच्छिक जनक वापरत असाल, तर फोर्क झालेल्या सर्व लेकरांना तेच ते बिंदू मिळतील. पायथनचे स्वतःचे 'रँडम' फोर्कनंतर नवे बीज घेते, नमपायचे ते जुने जनक घेत नाही. आणि नमपाय मूळ प्रोसेसमध्ये चढवणारच असाल तर 'ओपनब्लास-नम-थ्रेड्स' १ करा. ओपनब्लास ही नमपायच्या पोटातली मॅट्रिक्स-लायब्ररी चढतानाच कोअरच्या संख्येइतके थ्रेड उभे करते. ६४ कोअरच्या यंत्रावर दोन बहुपदींची वजाबाकी करायला तेवढ्या मजुरांची हजेरी घ्यायचे कारण नाही.

शून्यशेष

फोर्कसर्व्हर गेल्या आठवड्यात लावला आणि कालच्या प्रात्यक्षिकात ६० जणांसमोर चालवून पाहिला. सुरू होण्याचा वेळ आता मोजण्यासारखा उरलेला नाही. मॉड्यूलच्या नावातली चूक मी केलीच होती, 'सिम्पाय'मधली दोन अक्षरे उलटी पडली होती आणि मंदगती यांनी आधी सांगितले नसते तर दिवस गेला असता. यादृच्छिक बिंदूंचाही दोष आमच्यात होता. प्रत्येक उत्तर त्याच पाच बिंदूंवर तपासले जात होते. आता प्रत्येक लेकरू स्वतःचे नवे बीज घेऊन जनक बनवते.

अविभाज्य यांनी सुचवलेली चाचणीही लिहिली. ती सेकंद मोजत नाही, कारण आमच्या सर्व्हरवर इतर कामे चालू असली की सेकंदांचा भरवसा राहत नाही. तपासणी-मॉड्यूल चढवल्यावर 'सिस डॉट मॉड्यूल्स'च्या यादीत मॅटप्लॉटलिब आणि पांडाज ही नावे दिसता कामा नयेत, एवढेच ती पाहते. एका सहकाऱ्याने परवा तपासणीच्या फाइलीत अहवालासाठी म्हणून पांडाज इम्पोर्ट केले आणि चाचणीने ते तिथल्या तिथे पकडले. तो इम्पोर्ट अहवालाच्या फंक्शनच्या पोटात हलवला.

अविभाज्य

उत्तम. फक्त त्या चाचणीला नवी प्रोसेस द्या. इतर चाचण्यांनी आधीच पांडाज चढवलेले असेल तर यादीत ते दिसेल आणि दोष भलत्याच फाइलीवर येईल.

शून्यशेष

ते सुचले नव्हते, आजच बदलतो. आता दिसते आहे ती अडचण वेगळी आहे: त्रिकोणमितीची काही उत्तरे सोप्या रूपात आणायला सिम्पायला आठ-आठ सेकंद लागतात, आणि आजवर तो वेळ चढण्याच्या वेळेआड दडला होता. त्यासाठी नवा धागा काढतो.